अण्णा, ताकद जाते का ओ?

यंत्रमागाच्या खडखडाटात बोलायचं तर तोंड कानाशी आणावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न मला बहुतेक वेळा कानातच विचारला जातो. मी नसबंदी केली हे कसं फुटलं देव जाणे (माझा संशय मेहुण्यावर आहे), पण तेव्हापासून दोन लेकरांचा बाप झालेला जो तो एकदा तरी येऊन विचारतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ताकद जात नाही. पुरुषी हार्मोन वृषणातून थेट रक्तात जातं. बंद करतात ती फक्त शुक्राणू नेणारी बारीक नळी, दोन्ही बाजूंची. वीर्यात शुक्राणूंचा वाटा इतका थोडा, की फरक डोळ्यांना कळतसुद्धा नाही. पुढे तयार होणारे शुक्राणू अंगातच जिरतात. बाकी सगळं होतं तसंच. हवं तर बायकोला विचारा, असं म्हणालो असतो. पण ती मला घरात घ्यायची नाही.

ताकदीचं सगळेच विचारतात, तीन महिन्यांचं कुणी विचारत नाही. खरी गोम तिथं आहे.

ऑपरेशन झालं म्हणजे त्याच रात्री मोकळे झालात असं नाही. चार-चार दिवसांआड पाणी भरणाऱ्या सोलापूरकराला हे समजायला काय अवघड? कॉक बंद केला तरी पाइपात राहिलेलं पाणी येतच राहतं. तसे नळीच्या पुढच्या भागात शुक्राणू उरलेले असतात. निदान तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, आणि शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट हातात आला की मगच निरोध सोडायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कागद दिला, गोळ्या दिल्या, ‘झालं, निघा’. गल्लीतल्या आशा सेविकेने बायकोला सांगितलं म्हणून कळलं.

नमुना तासाभरात लॅबला पोचवायचा आणि गार होऊ द्यायचा नाही. फेब्रुवारीतल्या सकाळी ती प्लास्टिकची डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, एक हात छातीवर, एक हात स्कूटरच्या हँडलवर, असा सात रस्ता चौकातल्या लॅबकडे निघालो. सिग्नलला ओळखीचा एक जण भेटला. ‘‘अण्णा, छातीत दुखतंय का? दवाखान्यात सोडू?’’ रिपोर्टमध्ये थोडे शुक्राणू निघाले. महिन्याने परत गेलो, तेव्हा ‘निल’ आलं. त्या ‘झालं, निघा’वर भरवसा ठेवला असता तर आज तिसऱ्याचं बारसं सांगत बसलो असतो. रिपोर्ट चांगला आल्यावरसुद्धा सुमारे दोन हजारांत एखाद्याचं फसतंच, हेही माहीत असू द्या.

ऑपरेशन म्हणाल तर वीस मिनिटांचं. जागा बधिर करायचं इंजेक्शन टोचतं तेवढंच. मग ओढल्यासारखं वाटतं आणि ओटीपोटात एक कळ येते. बिनटाक्याची पद्धत, टोकदार चिमट्याने बारीक भोक पाडतात. संध्याकाळी घरी बसून ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी काहीच दुखेना. तिथंच चुकलो. तिसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो आणि पोरांना जमेना म्हणून सुताच्या बीमला (सूत गुंडाळलेल्या जड रुळाला) हात लावला. रात्री सगळं सुजून काळंनिळं. पाच दिवस उताणा, बर्फ आणि घट्ट लंगोट. दोन दिवस पूर्ण आराम आणि आठवडाभर वजन नाही, हे डॉक्टर उगाच सांगत नाहीत. शंभरात एक-दोघांचं दुखणं मात्र महिनोनमहिने रेंगाळतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नाही. म्हणून भांडणाच्या रागात किंवा कुणी मागे लागलं म्हणून जाऊ नका. आणि गुप्तरोग याने टळत नाहीत. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत, उलट बँकेत थोडे जमा होतात. बायकोची सही कायद्याने लागत नाही, पण तिला न विचारता जाणाऱ्याला काय म्हणायचं?

आमच्याकडे तर विषय तिनेच काढला. ‘‘दोनदा माझं पोट फाडलंय. आता हेही माझंच?’’ मला उत्तर सुचलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत नसबंदी झालेल्या बायका शंभर जोडप्यांत 38 आणि पुरुष हजार जोडप्यांत तीन. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, 60 लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली, त्यातल्या कितीतरी जणांची धाकाने. माझे वडील त्या दिवसांत सरकारी जीप दिसली की गल्ली बदलायचे. ती भीती आमच्यात उतरली, पण फेडायला लागली बायकांना.

परवा गल्लीतला एक पोरगा आला. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलतात, त्याच्या सरावाला जातो, खांदे बघा नुसते. त्यानेही तेच विचारलं, कानात. मी म्हणालो, ‘‘ताकद कुठं जात नाही बे. पण आता सराव चालू आहे, गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग जा.’’

त्याने बोटांवर महिने मोजले. ‘‘म्हणजे अक्षय तृतीयेला मोकळा.’’

‘‘रिपोर्ट आला तर,’’ मी म्हणालो.