मामांचा जुना लॅपटॉप

मामांचा २०१० सालचा लॅपटॉप भंगारात निघाला होता, तो मी मागून घेतला. यंत्र मुळात धडधाकट होते. परंतु २ जीबी रॅमवर विंडोज १० चालवताना ते अक्षरशः मेटाकुटीला येई, आणि त्या प्रणालीचा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

आधी फोटो व कागदपत्रे काढून घेतली. फाइल डिलीट केल्याने केवळ तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली सुरू करून ३२० जीबीच्या संपूर्ण हार्ड डिस्कवर शून्ये लिहिली, ज्याला दीड तास लागला. (एसएसडीसाठी, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कसाठी, मात्र ही रीत योग्य नाही, तिला तिच्यातच असलेली पुसण्याची आज्ञा द्यावी.)

नंतर डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली अँटिएक्स ही हलकी कार्यप्रणाली बसवली. भारदस्त डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) ती वापरते, त्यामुळे सुरू झाल्यावर जेमतेम २५० एमबी रॅम व्यापलेली दिसली. ब्राउझरमध्ये दोन-तीनच टॅब उघडावेत, एवढे पथ्य पाळावे लागते. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कळफलकाची मांडणी सुरू करून दिल्यावर मामींनी पहिल्याच संध्याकाळी भिशीचा हिशेब लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचामध्ये मराठीत मांडला.