हौलेर ते सुलेमानी, किर्कुक टाळून

हौलेर म्हणजे नकाशातलं एर्बिल, उत्तर इराकमधल्या कुर्दांच्या स्वायत्त प्रदेशाची, कुर्दिस्तानची राजधानी. किल्ला पाहिला, बाजारात चहा झाला, उन्हाने जीव नकोसा केला. बस्स. पुढचा शेअर टॅक्सीचा प्रवास मात्र डोक्यातून जात नाही.

सुलेमानीचा सरळ रस्ता किर्कुकवरून जातो. पण माझा व्हिसा फक्त कुर्दिस्तानचा आणि किर्कुक २०१७ पासून पुन्हा बगदादच्या, म्हणजे इराक सरकारच्या ताब्यात. म्हणून कोया आणि दुकान या गावांवरून जाणारा डोंगरातला रस्ता. मागे तिघं कोंबलेले, मी पुढे, एसी नावापुरता.

ड्रायव्हर मूळचा शाळामास्तर. इंग्रजी मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी. पगार रखडतो म्हणून सुट्टीला टॅक्सी चालवतो. पगार कोण अडवतं, असं विचारलं, तर म्हणाला, "सकाळी बगदाद, संध्याकाळी हौलेर." तेल कोणी विकायचं आणि बजेटमधला वाटा किती, यावरून २०१४ पासून दोन्ही सरकारांचं फाटलंय. मास्तरांचा किराणा त्यात अडकतो.

२५ सप्टेंबर २०१७ला स्वतंत्र व्हायचं का, यावर सार्वमत झालं. नव्वद टक्क्यांहून जास्त मतं 'हो'ची. ते सांगताना त्याने स्टिअरिंग सोडून बोट वर केलं. शाई लावून घरी गेला, तर आईने त्या बोटाचा मुका घेतला म्हणे. तीन आठवड्यांत इराकी फौज किर्कुकमध्ये शिरली. सार्वमत बगदादलाच काय, इराण, तुर्कस्तान आणि अमेरिकेलाही नको होतं. पुन्हा विचारलं तर? "पुन्हा हो. पण आधी पगार द्या!" मागचे तिघं खो खो हसले.

वाटेत झेंड्यांचा रंग पालटतो. पिवळा बार्जानी घराण्याच्या पक्षाचा, हिरवा तालाबानी घराण्याच्या. १९९२मध्ये पहिली निवडणूक झाली आणि दोनच वर्षांत हे दोन्ही पक्ष एकमेकांवर बंदुका घेऊन उठले. पेशमर्गांच्या, म्हणजे कुर्दी सैन्याच्या, कित्येक तुकड्या अजून पक्षाचंच ऐकतात. इतकं सोसून मिळवलेलं स्वराज्य असं दोन घरांत वाटून घेतलेलं पाहून मला चीड आली. मी कोण चिडणारा, हेही आहेच.

सुलेमानीत 'अम्ना सुराका' पाहिलं. सद्दामच्या गुप्तचरांची लाल इमारत, भिंतींना गोळ्यांची भोकं अजून तशीच. आतल्या दालनाच्या भिंती आरशाच्या १,८२,००० तुकड्यांनी मढवल्यात, सद्दामने कुर्दांची कत्तल केली त्या अन्फाल मोहिमेतल्या प्रत्येक बळीमागे एक. हा कुर्दांचा आकडा. ह्यूमन राइट्स वॉचचा अंदाज ५०,००० ते १,००,०००. वाद आकड्याचा आहे, कत्तलीचा नाही.

मग हलब्जा. १६ मार्च १९८८ला इथे सद्दामच्या फौजेने सोडलेल्या विषारी वायूने सुमारे ५,००० माणसं गेली. स्मारक देखणं आहे, पण ते २००६च्या स्मृतिदिनी गावकऱ्यांनीच पेटवलं होतं. दरवर्षी पुढारी यायचे, भाषण ठोकून जायचे, रस्ते-पाणी तसंच. त्या दिवशीच्या गोळीबारात एक पोरगा गेला, तोही कुर्दांच्याच राज्यात. स्मारकात मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट टोचली.

जाणार असाल तर कोयामार्गेच जा. पुढची सीट मात्र टाळा. पट्टा नसतो, आणि राजकारण निघालं की मास्तर दोन्ही हातांनी बोलतात.