रेंज वाढली, टार्गेटही वाढलं

"रेंज वाढवली, म्हणजे विकायला प्रॉडक्ट जास्त दिली, की सेल आपोआप वाढतो" हे सेल्स मीटिंगमध्ये कोणीतरी बोलतंच, आणि खोटं नाहीये ते, पण अर्धंच खरं आहे. रेंज अगदीच छोटी असली की कस्टमर "बस, एवढंच?" म्हणतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं, वर टार्गेट चुकलं की बोलणी आपणच खायची. थोडी मोठी रेंज असली तर बोलायला विषय मिळतो, एका ऑर्डरमध्ये अजून दोन गोष्टी जातात आणि कामात मजा पण येते, रोज तेच तेच बोलून माणूस कंटाळतो ना.

पण रेंज वाढतच गेली की पुढे पुढे ती डोक्यात मावेनाशी होते. प्रत्येकाचं स्पेक, रेट, स्कीम, स्टॉक, वॉरंटी, सगळं लक्षात ठेवायचं, आणि कस्टमरसमोर एकदा अडखळलं की भरोसा गेला. मग माणूस काय करतो, जी पाच-सहा प्रॉडक्ट नीट माहीत आहेत तीच फिरवत राहतो, बाकीची कॅटलॉगमध्ये पडून.

ट्रेनिंगमध्ये जॅमचा प्रयोग सांगतात, शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा, 2000 साली छापून आलेला. दुकानात चव बघायच्या स्टॉलवर 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा तिथे थांबलेल्यांपैकी साधारण 3 टक्के लोकांनी घेतला, 6 मांडले तेव्हा 30 टक्के. पुढचं मात्र सांगत नाहीत, 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला! म्हणजे जास्त चॉइस दरवेळी नडतोच असं नाही. मला विचाराल तर फरक सेल्सवाला पाडतो, 24 मधून तुमच्या कामाचे हे तीन, असं सांगणारा कोणी समोर असला तर कस्टमर गोंधळत नाही. फक्त ते निवडायचं ओझं मग त्याच्या डोक्यावर येतं, आणि ते कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

खरा ताण तर वेगळाच आहे, प्रत्येक लाईनचं, म्हणजे प्रॉडक्टच्या प्रत्येक गटाचं, टार्गेट वेगळं असतं त्याचा. टोटल 110 टक्के झालं तरी फोकस प्रॉडक्ट, म्हणजे कंपनीला जे जास्त खपवायचंय ते, गेलं नाही म्हणून इन्सेन्टिव्ह कट, इकडे एक प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतो माझं आधी, दुसरा म्हणतो माझं, आणि दिवसाचे तास तेवढेच. होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्येच मांडलंय की एका माणसाला अनेक कामं दिली की ज्याचं मोजमाप होऊन पैसे मिळतात तिकडेच तो जोर लावतो, मग बाकीचं मागे पडतं. सेल्समध्ये मागे पडते ती कस्टमरची गरज. मंथ एंडला डीलरकडे माल डंप करायचा, पुढच्या महिन्यात रिटर्न घ्यायचा, आणि ज्याला नको होतं त्याच्या गळ्यात मारल्यावर घरी जाताना कसलं आलंय समाधान.

लाँचच्या आधी फिल्डवरच्या लोकांना विचारलं, सॅम्पल हातात देऊन नीट शिकवलं, तर मोठी रेंजसुद्धा चालते, तक्रार रेंजबद्दल नाहीच. पण नवीन आलं तर जुन्यातल्या एकाचं तरी टार्गेट काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वरून आलंय."