दिवाळीच्या सुट्टीसाठी खेळणी घेताना: माझा अनुभव

घरात मुलं दोन, एक दीड वर्षाचं आणि एक पाचाचं. खेळणं कुणासाठीही असो, निवड धाकट्याच्या हिशेबानेच केली, कारण मोठ्याचं खेळणं दहा मिनिटांत धाकट्याच्या तोंडात जातं.

बाजारात जाण्याआधी एक माप तयार केलं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची 10 सेंटिमीटर लांब पट्टी कापली, दोन्ही टोकांना उंची 57 मिलिमीटर आणि मधोमध 25. टोकं एकमेकांवर न चढवता नुसती भिडवून चिकटवली की आतून साधारण 32 मिलिमीटर व्यासाची, तिरक्या तोंडाची नळी होते. सपाट तोंड कागदाने बंद केलं. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतलं बारीक भागांचं मापही जवळपास असंच असतं. खेळण्याचा एखादा भाग न दाबता यात पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी नाही. चेंडूला ही नळी पुरत नाही. गोल वस्तू श्वासनलिकेच्या तोंडाशी घट्ट बसते, म्हणून साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडू घेतलाच नाही.

मेन रोडवर दिवाळीच्या गर्दीत पहिलं वाक्य एकच: "दादा, खोका दाखवा." 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर चिन्ह नसेल तर रंग ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहायचा आणि कडांवरून बोट फिरवायचं. चिन्ह असेल तर वर मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस 9873 किंवा विजेच्या खेळण्यासाठी आयएस 15644, आणि खाली सीएम/एल पुढचा परवान्याचा आकडा हवा. तो आकडा भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवानाधारकाचं नाव दिसतं. ते खोक्यावरच्या नावाशी जुळलं नाही तर खेळणं परत ठेवायचं. मऊ बाहुल्यांचे डोळे आणि शिवण जोर लावून ओढून पाहिली. ओढगाडीची दोरी गळ्याभोवती अडकू नये म्हणून घरी कापून 22 सेंटिमीटरच्या आत आणली.

सर्वांत जास्त वेळ बटण सेलवर, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या छोट्या सेलवर गेला, आणि तो जायलाच हवा. झाकण स्क्रूने बंद नसेल तर खेळणं नकोच. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेतून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. खेळणं चालवायला संपलेला सेलही हे करू शकतो.

याच दिवसांत घरात सेलवरच्या पणत्या येतात. त्या खेळण्यांत मोडत नाहीत, आणि बऱ्याच पणत्यांचं झाकण नखानेही उघडतं. आमच्या पणत्या आता वरच्या फळीवर असतात. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवायची नाही, वाट पाहायची नाही. एक्स-रेची सोय असलेलं, रात्री उघडं असणारं जवळचं रुग्णालय आधीच हेरून ठेवलं आहे.