काजूच्या टरफलावर उभा राहिलेला आमचा घाणा

काजू कारखान्यात पाहुणे आले की मालक त्यांना गराच्या खोलीत नेतो. मागच्या पडवीतला टरफलांचा ढीग कोणी दाखवत नाही. आमचं घर, शेड, मुलांची शिक्षणं, सगळं त्या ढिगावर उभं राहिलं.

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या लोकांना हिशेब माहीत आहे. शंभर किलो बी फोडली की गर पंचवीसच्या आतबाहेर, उरतं ते बहुतेक टरफल. ते बॉयलरखाली सारायचं, काळा झोंबरा धूर सोडायचा आणि मग चिकटलेल्या नळ्या खरवडत बसायचं, ही जुनी रीत. त्याच टरफलात वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं तेल असतं आणि ते रंगाला, रेझिनला, ब्रेक लायनिंगला जातं. तेल काढून राहिलेली पेंड विटभट्टीवाला खुशीने नेतो.

२००८ साली शेंगदाण्याच्या तेलगिरणीतला एक जुना एक्सपेलर, म्हणजे दाबून तेल काढायचं यंत्र, आणला. शेंगदाण्यावर पोसलेलं यंत्र ते, टरफलापुढे दमलं. वर्म, म्हणजे आतला फिरणारा मळसूत्री दांडा, झिजायचा. केजच्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या पिंजऱ्याच्या, पट्ट्या सैल व्हायच्या. दर पावसाळ्यात वर्मवर हार्डफेसिंगचं, म्हणजे कठीण धातूच्या थराचं, वेल्डिंग चढवून घ्यायचं आणि गणपतीनंतर पुन्हा जोडायचा. पेंड बाहेर पडते त्या तोंडावरचा कोन, म्हणजे शंकू, किती आवळायचा हे मीटर सांगत नाही, पेंड सांगते. पापडासारखी पडली की बरोबर. धुरकट भुगा आला तर जास्त आवळलंय, ओला लगदा आला तर तेल पेंडीतच चाललंय. हातमोजे न घालता बघू नका, कातडी सोलून निघते.

पहिली काही वर्षं सरळ गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१६च्या हंगामात बाहेरून एक व्यापारी आला. नाव घेत नाही, इथे सगळ्यांना ठाऊक आहे. नवीन चकचकीत मशिनरी, पांढरी गाडी आणि हातात आगाऊ रक्कम. टरफलाला आमच्या दुप्पट दर. ज्यांच्या आवारातला कचरा आम्ही स्वतःचा टेम्पो लावून उचलला, त्यांनी आमचा फोन उचलणं बंद केलं. एकाने तर तोंडावर सांगितलं, “तुम्ही इतकी वर्षं आम्हाला फुकटात लुटलंत.” फुकटात! पूर्वी हाच माणूस ढीग हलवा म्हणून मागे लागायचा, शेजाऱ्यांच्या तक्रारी यायच्या म्हणून. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

घाणा थांबला. बँकेचा हप्ता थांबत नाही. आंबोली घाट चढून आजरा-चंदगडकडे टरफलं शोधली. भाड्यातच नफा जायचा. शेवटी घरोघरी काजू फोडणाऱ्या बायकांकडून दोन-दोन, तीन-तीन गोणी गोळा केल्या. मोठ्या व्यापाऱ्याला असल्या गोणींत रस नव्हता, म्हणून आम्ही वाचलो.

आणि वाचवलं मालवणकडच्या एका मेस्तांनी. होड्या बांधणारे. लाकडाला किडा लागू नये म्हणून तळाला आमचंच तेल. पहिल्याच भेटीत म्हणाले होते, “माका पातळ तेल नको, काळा दाट होया.” त्या वर्षी न बोलावता आले आणि पुढच्या हंगामाच्या तेलाचे पैसे टेबलावर ठेवून गेले. पावतीही मागितली नाही. त्यांचा डबा आजही आधी भरतो, टँकर दारात उभा असला तरी.

व्यापाऱ्याचं पुढे काय झालं? ओली-सुकी टरफलं एकत्र घाण्यात घातली, तेलात पाणी राहिलं, रेझिनवाल्याने टँकर परत पाठवला. तेल १४० अंशांच्या वर तापवताना वायू सुटतो, फेस चढतो. कढई निम्मीच भरायची असते. त्याने काठोकाठ भरली. उतू गेलेलं तेल भट्टीत पेटलं. माणसं वाचली, शेड गेली. तो कारखानदारांचे पैसे बुडवून निघून गेला आणि मग आमचे फोन वाजायला लागले.

लॉकडाऊनही आला आणि गेला. त्याचं कौतुक कशाला.

नवीन पोरं विचारायला येतात, मशीन कुठलं घेऊ? अरे, मशीन शेवटी घे. आधी टरफलं साठवायला कोरडी, चहूबाजूंनी वारा खेळणारी शेड बांध. ओला ढीग आतून तापतो. कारखानदाराला आगाऊ पैसे देऊ नकोस, वजन मात्र त्याच्यासमोर कर. आणि तेलाचा पहिला नमुना प्रयोगशाळेत पाठव, ओलावा किती ते कागदावर येऊ दे. टँकर परत आल्यावर मग भांडायला जागा राहत नाही.

त्या व्यापाऱ्याचा एक्सपेलर भंगारात निघाला तेव्हा मीच घेतला. वर्म बदलला, मोटार बदलली. चांगला चालतो.