कूलर कोरडा वाजतोय

अमेरिकेतल्या फिनिक्समधल्या ज्या प्रेस्बिटेरियन मंडळीत, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमध्ये, मी नोकरी करते, तिच्या सभागृहाच्या दाराशी उन्हाळाभर एक वही असते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आत येणाऱ्या प्रत्येकामागे एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. नाव विचारायचं नाही, कागदपत्र मागायचं नाही. बाहेर ऊन आहे, एवढं कारण पुरतं. आत गारवा, पाणी, खुर्ची, संडास आणि फोन चार्ज करायला बटणांची पट्टी. दिवस संपला की रेघा मोजायच्या आणि आकडा लिहायचा.

2005 च्या जुलैत इथे उष्णतेची लाट आली आणि रस्त्यावर राहणारी कितीतरी माणसं दगावली. त्यानंतर शहरं, वाचनालयं, चर्च आणि सेवाभावी संस्थांनी मिळून 'हीट रिलीफ नेटवर्क' उभं केलं. आमचं सभागृह त्यातलंच एक ठिकाण.

मी मूळची मिरजेची. माझी आजी 'मिशन'मध्ये नर्स होती. मिशन म्हणजे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटल. ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचंच, त्यामुळे इथल्या चर्चच्या ऑफिसात कामाला लागले तेव्हा परक्या घरी आल्यासारखं वाटलं नाही. चैत्र लागला की मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणपोई लागायची. ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले दोन रांजण, लांब दांड्याचं ओगराळं आणि शेजारी स्टुलावर एक म्हातारबाबा. पाणी कुणीही घ्यायचं, पण बाबा येणाऱ्याकडे बघायचे. "काय गं, आज शाळेला उशीर?" हे पाण्याबरोबर मिळायचंच. आमचं सभागृह म्हणजे पाणपोईच आहे, असं मी पहिल्या वर्षापासून मानत आले. दाराशी बसून नुसत्या रेघा ओढल्या तर निम्मंच काम होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

फिनिक्समध्ये चर्चचा उन्हाळा उलटा असतो. बर्फाच्या मुलखातून हिवाळ्यापुरती येणारी म्हातारी मंडळी एप्रिल संपता संपता परत जातात. दोन उपासनांची एक होते. गायकवृंदाला सुटी, रविवारच्या उपासनेची छापील पत्रिका चार पानांवरून एका घडीवर. पाळकबाई जुलैत अभ्यासरजेवर जातात आणि व्यासपीठावर दर रविवारी नवा पाहुणा. जूनमध्ये पाच संध्याकाळी मुलांची सुटीतली बायबल शाळा भरते. ती संध्याकाळीच घ्यावी लागते, दिवसा मुलांना अंगणात सोडायची सोय नसते. मी सांगतेय त्या वर्षी मुलांनी योनाची, म्हणजे मोठ्या माशाने गिळलेल्या संदेष्ट्याची, गोष्ट घेतली होती आणि जाड पुठ्ठ्याचे माशाच्या आकाराचे हातपंखे केले होते. निळे, जांभळे, एक तर चक्क ठिपक्यांचा. शाळा संपल्यावर उरलेले पंधरा-वीस पंखे मी दाराशी टोपलीत ठेवून दिले. एकूण काय, चर्चमध्ये ऐन जेव्हा माणसं सगळ्यात कमी, तेव्हाच दार सगळ्यात जास्त वेळ उघडं ठेवायचं असतं.

हे दार उघडायचं की नाही, हे पाळकबाई एकट्या ठरवू शकत नाहीत. प्रेस्बिटेरियन हे नावच 'वडील' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. मंडळी चालवतात ते निवडून दिलेले वडील, म्हणजे एल्डर, आणि त्यांची सभा म्हणजे सेशन. इमारत कशाला वापरायची हे सेशन ठरवतं. एप्रिलच्या बैठकीत विजेच्या बिलावर, विम्यावर आणि गालिच्यावर तासभर चर्चा झाली. एक्याऐंशी वर्षांचे एक एल्डर शेवटी एवढंच म्हणाले, "गालिचा मी धुईन." ठराव मंजूर झाला. तेव्हापासून ते रोज साडेनऊला येतात आणि दाराशी माझ्या शेजारची खुर्ची धरतात.

ते वर्ष 2023. तीस जूनपासून पारा रोज 110 अंश फॅरनहाइटला, म्हणजे सेल्सिअसच्या 43 ला, किंवा त्याहून वर जात होता आणि सलग 31 दिवस तसाच राहिला. 1974 चा सलग 18 दिवसांचा विक्रम मोडला. पण आकड्यांपेक्षा रात्री वाईट होत्या. मिरजेत मे महिन्यात सुद्धा अंगणात बाज टाकली की पहाटे पांघरूण लागतं. इथे डांबर आणि काँक्रीट दिवसभर प्यालेलं ऊन रात्रभर ओकत असतं. 19 जुलैला, बुधवारी, दुपारचा पारा 119 ला गेला आणि पहाटेचा नीचांक होता 97. सेल्सिअसमध्ये 36. त्या शहराची तोवरची ती सगळ्यात उष्ण पहाट. मी सांगतेय तो दिवस हाच.

आमच्याकडे रोज येणारी एक आजी होती. वय चौऱ्याहत्तर, मेक्सिकोतून तरुणपणी आलेली, शाळांच्या साफसफाईत आयुष्य गेलेलं. मला ती 'मिहा' म्हणायची. स्पॅनिशमध्ये पोरीला लाडाने म्हणतात तसं. ती पक्की कॅथलिक, पण बुधवारी रविवारच्या पत्रिका छापून आल्या की घड्या घालायचं काम तिचं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातला गठ्ठा तिने ओढून घेतला आणि नखाने कडा दाबत दीडशे पत्रिका अशा घडी करून दिल्या की यंत्रालाही जमणार नाही.

आदल्या दिवशी, मंगळवारी, निघताना ती माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "मिहा, माझा कूलर कोरडा वाजतोय."

मी तेव्हा पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरवून घेत होते. म्हटलं, "गुरुवारी आपले दुरुस्तीवाले काका येतात, त्यांना पाठवते." ती "बरं" म्हणाली आणि गेली.

हे वाक्य मला नीट ऐकू आलं होतं. आणि त्याचा अर्थ मला कळायला हवा होता, कारण कूलर म्हणजे काय हे कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. नागपूर-अकोल्याकडे असतो तोच. पत्र्याचा खोका, बाजूंना भुशाच्या तट्ट्या, खाली पाणी, ते वर चढवणारा छोटा पंप आणि मधे पंखा. पंखा चालू आणि पंप बंद असेल तर पाण्याची झुळझुळ ऐकू येत नाही, तट्ट्या सुकतात आणि पंखा बाहेरची आग नुसती आत ढकलत राहतो. कोरडा वाजतोय म्हणजे हेच. अशा हवेत ते घर रात्रीतून भट्टी होतं.

बुधवारी दहा वाजले, साडेदहा वाजले. पत्रिकांचा गठ्ठा तिच्या टेबलावर तसाच. मी फोन घेत होते, कुणाला बसचं वेळापत्रक काढून देत होते. अकरा वाजून गेले तेव्हा एल्डर म्हणाले, "घड्या झाल्या नाहीत अजून."

मी वर पाहिलं आणि मला ते मंगळवारचं वाक्य आठवलं. पोटात गोळा आला.

तिचा फोन लागत होता, कुणी उचलत नव्हतं. वहीत तिची फक्त रेघ. पण दर शुक्रवारी आम्ही किराणा देतो त्याच्या अर्जावर पत्ता असतो. ते अर्ज कुलपात राहतात आणि किराण्याव्यतिरिक्त वापरायचे नाहीत असा नियम आहे. मी कुलूप काढलं. पोलिसांना फोन करून घरी जाऊन बघण्याची विनंती केली. ते येणार होते, पण शहरभर असेच फोन चालू होते आणि वेळ लागेल असं सांगितलं. आमच्या स्वयंसेवकांनी कुणाच्या घरी जायचं नाही, गेलंच तर दोघांनी, हाही नियम. एल्डरांनी गाडीची किल्ली काढली. दाराशी एका कॉलेजच्या मुलाला बसवलं, बर्फाची पेटी आणि टेबलावरच्या दोन चादरी घेतल्या. टोपलीतले पंखे कधी उचलले ते मला आजही आठवत नाही.

ट्रेलर पार्क दीड मैलावर. चाकांवरची जुनी पत्र्याची घरं, खिडक्यांना आतून ॲल्युमिनियमचा कागद. तिच्या घराच्या वर कूलर घरघरत होता. कोरडाच. दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसला, ओढणी गुंडाळून फिरवली. दार उघडंच होतं.

आत भिंतीवर कोंबड्याचं चित्र असलेला एक तापमापक होता. काटा 103 वर, म्हणजे सेल्सिअसच्या 39 वर. ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर, फ्रिजला पाठ टेकून बसली होती. डोळे उघडे. मला पाहून काहीतरी बोलली, पण शब्द एकमेकांत अडकत होते, आणि तिने मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारली. कपाळाला हात लावला. कोरडं आणि तापलेलं, घामाचा टिपूस नाही.

एल्डर 911 या तातडीच्या मदतीच्या नंबरवर बोलत होते आणि पलीकडून सांगितलं जाणारं मला मोठ्याने सांगत होते. पाणी पाजू नका. ओलं करा. वारा घाला. मी नळ सोडला तर नळाचं पाणीही कोमट. बर्फाच्या पेटीतलं वितळलेलं पाणी चादरीवर ओतलं आणि ती तिच्याभोवती गुंडाळली. बर्फाच्या पिशव्या मानेला, काखेत, जांघेत. माझी आजी सांगायची, उन्हाचा झटका आलेल्याला आम्ही ओल्या चादरीत ठेवून आळीपाळीने वारा घालायचो, हात भरून येईपर्यंत. मी तो निळा मासा घेतला आणि घालू लागले. पुठ्ठा ओला होऊन वाकायला लागला तेव्हा दुसरा घेतला. एल्डर गुडघ्यावर बसले, एक्याऐंशीव्या वर्षी, त्या फरशीवर, आणि दुसऱ्या बाजूने ते घालू लागले. आम्ही दोघंही प्रार्थना करत होतो. ते इंग्रजीत, मी मराठीत.

अग्निशमन दलाची गाडी आली तेव्हा तिने माझा हात धरलेला होता. त्यांनी तिला उचललं, सलाइन लावलं आणि नेलं. आता, म्हणजे 2024 पासून, इथले अग्निशमनवाले अशा रुग्णाला बर्फ भरलेल्या मोठ्या पिशवीत बुडवूनच हॉस्पिटलला नेतात. त्या वर्षी ती सोय नव्हती.

आम्ही परत सभागृहात आलो. खुर्च्या भरलेल्या होत्या. त्या मुलाने रेघा नीट ओढल्या होत्या. मी तिच्या टेबलाशी बसून पत्रिकांच्या घड्या घालायला घेतल्या आणि मला त्या सरळ जमेनात.

सहा दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. मूत्रपिंडांवर ताण आला होता, पण सावरली. दुरुस्तीवाले काका एल्डरांना घेऊन तिच्या छतावर चढले, पहाटे पाचला, कारण नंतर पत्र्यावर पाय ठेववत नाही. पंप खाली आणून माझ्या टेबलावर ठेवला. मुठीएवढा. इथल्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे जाळीवर पांढरा थर बसला होता, जुन्या किटलीत बसतो तसा. तेवढ्याने चक्री अडकली होती. नवा पंप पंचविसेक डॉलरांना आला.

ऑगस्टच्या सेशनमध्ये मी अहवाल दिला. किती बाटल्या, किती माणसं, आणि मग मंगळवारचं सगळं सांगितलं. तिने काय म्हटलं, मी काय म्हटलं. कुलूप काढून अर्ज पाहिला तेही. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. कुणी मला दोषही दिला नाही, आणि जाऊ दे असंही म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या वर्षी फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने 645 माणसं गेली, हा आकडा पुढे जाहीर झाला. त्यातली कितीतरी रस्त्यावर नव्हे, घरात गेली.

त्या रात्री सेशनने दोन ठराव केले. डीकनांच्या, म्हणजे मंडळीत गरजूंची काळजी वाहणाऱ्यांच्या, निधीतून तापमापक घ्यायचे आणि एकट्या राहणाऱ्या, हो म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घरी लावायचे. आणि मे ते सप्टेंबर, रोज सकाळी आठला, त्या प्रत्येकाला फोन करायचा. गायकवृंदाला सुटी असते, तर फोन तेच करतील असं गायकवृंदानेच सांगितलं. उत्तरेकडे गेलेली म्हातारी मंडळीसुद्धा आता मिनेसोटातून, आयोवातून फोन लावतात. विचारायचं एवढंच, आत किती आहे? 85 च्या, म्हणजे सेल्सिअसच्या 29 च्या, वर सांगितलं की त्याच दिवशी माणूस जातो. गुरुवारची वाट बघायची नाही.

वही अजून आहे. रेघाच असतात, नावं आम्ही आजही विचारत नाही. पण तिच्या शेजारी मी एक दुसरी वही ठेवली आहे. "कान दुखतोय म्हणाले." "चप्पल तुटलीय." "मुलगी रविवारी येणार." कुणी जाता जाता जे बोलतं ते लिहायचं आणि संध्याकाळी कुलूप लावण्याआधी दोघांनी वाचायचं. एल्डर आता चौऱ्याऐंशीचे आहेत, चष्मा वर करून वाचतात.

घड्या घालणाऱ्या त्या आजीला फोन करायचं काम माझ्याकडे आहे, ते मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. आठला लावते. ती दुसऱ्या घंटीला उचलते, कारण तोवर तिने कोंबड्यासमोर जाऊन बघून ठेवलेलं असतं.

"अठ्ठ्याहत्तर, मिहा," म्हणते. "पाणी वाजतंय." आणि बुधवार असला तर पुढे विचारते, पत्रिका छापून झाल्या का.