सेनेगल बिचिरच्या पिल्लाचे पहिले आठ महिने

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी घरी आणलेले सेनेगल बिचिर या आफ्रिकी माशाचे पिल्लू तेव्हा साडेसहा सेंटीमीटर लांब होते. गेल्या रविवारी ते १८ सेंटीमीटर भरले. या आठ महिन्यांची नोंदवही समोर ठेवून हे लिहीत आहे. ज्यांनी ऑस्कर किंवा अरोवाना यांसारखे शिकारी मासे टाकीत वाढवले आहेत, त्यांच्या लेखी शिकारी मासा म्हणजे अन्न पाण्यात पडायचा अवकाश की झडप घालणारा प्राणी. माझीही समजूत तीच होती आणि पहिल्या महिन्यातल्या माझ्या बहुतेक चुका तिच्यातूनच झाल्या. बिचिर शिकार शोधतो ती नाकाने. डोळ्यांचा त्याला फारसा उपयोग नसतो. एवढी एक गोष्ट तेव्हा नीट उमगली असती, तर बरेच ब्लडवर्म, म्हणजे माशांचे खाद्य असलेल्या लाल अळ्या, वाळूत कुजण्यापासून वाचले असते.

ज्या दुकानातून पिल्लू घेतले, तिथे टाकीवर फक्त ‘ड्रॅगन फिश’ अशी चिठ्ठी होती आणि ‘चार इंचांच्या वर जात नाही’ असे मला ठामपणे सांगण्यात आले. हा मासा नाईलपासून सेनेगल नदीपर्यंतच्या आफ्रिकी पाण्यातला असून घरच्या टाकीतही तो सहज फूटभर होतो. मला हे आधीच ठाऊक असल्यामुळे फसवणूक झाली नाही; पण चार इंचांच्या भरवशावर दोन फुटी टाकी घेऊन बसलेल्या माणसाने पुढे काय करायचे? असे मासे शेवटी तलावात सोडले जातात. ठाण्यासारख्या तलावांच्या गावात राहत असल्यामुळे ही भीती मला पोकळ वाटत नाही. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३ साली अ‍ॅलिगेटर गार हा अमेरिकेतला शिकारी मासा सापडला, तो काही तिथे आपण होऊन पोहोचलेला नव्हता.

सुरुवातीची टाकी ६० × ३० × ३० सेंटीमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तर ५४ लिटरची होती. मासा येण्याआधी ती महिनाभर स्पंज फिल्टरवर चालवली आणि अमोनिया व नायट्राइट ही माशांना घातक द्रव्ये दोन्ही शून्यावर आल्याची सलग आठवडाभर खात्री केल्यावरच मासा आणला. तळाशी बारीक, धुतलेली वाळू घातली, कारण तळावर पोट टेकून फिरणाऱ्या माशाला टोकदार खडी सोसत नाही. पाण्याची पातळी काठापासून चार बोटे खाली ठेवली. त्याचे कारण पुढे येईलच.

पिल्लाच्या रूपाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ते रूप फार दिवस टिकत नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कल्ल्यांच्या झाकणामागून, पिसासारखा एकेक बाह्य कल्ला बाहेर आलेला असतो. मासा स्थिर असला की तो मागे अंगाला चिकटून राहतो आणि मासा वळला की पाण्यात उलगडतो. अंगावर लांबीच्या दिशेने काळसर पट्टे असतात आणि पाठीवर सलग पर नसून सुट्या छोट्या परांची रांग असते, प्रत्येक जणू काठीला लावलेला झेंडा. बेडकाच्या किंवा सॅलॅमँडरच्या डिंभकाशी असलेल्या या साम्यामुळेच एके काळी प्राणिशास्त्रज्ञ या माशाच्या भ्रूणासाठी जिवावर उदार झाले होते. केंब्रिजच्या जॉन सॅम्युअल बजेटने त्यासाठी आफ्रिकेच्या चार वाऱ्या केल्या. अखेर १९०३ मध्ये नायजरच्या त्रिभुज प्रदेशात त्याला याच जातीची फलित अंडी मिळाली, आणि तिथून आणलेल्या आजाराने जानेवारी १९०४ मध्ये तो वारला. आपण तेच पिल्लू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोकलने घरी आणतो.

आमच्या पिल्लाचा डावा बाह्य कल्ला सप्टेंबरअखेरीस, सुमारे नऊ सेंटीमीटर लांबीला, आखडू लागला आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिसेनासा झाला. उजवा त्यानंतर बारा दिवस टिकला. एक कल्ला आधी जातो आहे हे पाहून मला ती जखम किंवा संसर्ग वाटला होता आणि औषधाची बाटलीही मी हातात घेतली होती. पण कडा स्वच्छ होती, बुरशीचा पांढरा कापूस नव्हता आणि खाणे व्यवस्थित चालू होते, म्हणून बाटली परत ठेवली. बिचिरला औषधे, विशेषतः तांबेयुक्त औषधे, जपूनच द्यावीत असे माझे मत आहे. संशय आला की मी प्रथम पाणी बदलतो.

आता खाण्याकडे वळतो. पहिले आठ-दहा दिवस मी दिवा चालू ठेवून, इतर माशांना घालतो तसे, गोठवलेल्या ब्लडवर्मचे तुकडे वरून सोडत असे. ते इकडेतिकडे पांगत, पिल्लू कोपऱ्यातल्या मडक्याच्या तुकड्याखाली बसून राही आणि सकाळी वाळूवर पांढरट पडलेले किडे मला नळीने ओढून काढावे लागत. दहाव्या दिवशी नायट्राइट ०.२५ पीपीएम दिसले, तेव्हा पाणी बदलून एक दिवस उपास घडवला आणि दुसऱ्या रात्री खोलीतला दिवा मालवून, मोबाइलच्या उजेडावर लाल कागद धरून, टाकीसमोर स्टूल टाकून बसलो. लांब चिमट्याने सात-आठ किड्यांचा पुंजका वाळूवर एकाच जागी ठेवला. पहिली तीन-चार मिनिटे काहीच झाले नाही. मग मडक्याखालून डोके बाहेर आले. वरच्या ओठावरच्या, नळ्यांसारख्या दोन नाकपुड्या पुढे रोखून ते डावीकडे-उजवीकडे वळू लागले आणि मांसल बुंध्याच्या पुढच्या दोन परांवर टेकत टेकत पिल्लू पुढे सरकले. पुंजक्यापासून बोटभर अंतरावरून ते सरळ पुढे निघून गेले, थबकले, मागे वळले, पुन्हा चुकले आणि तिसऱ्या खेपेला त्याचे तोंड पुंजक्यावर आपटले. त्यानंतर मात्र जो झटका बसला, त्यात शिकारी मासा स्पष्ट दिसला. पुंजका ठेवल्यापासून पहिल्या घासापर्यंत अकरा मिनिटे गेली होती.

त्या रात्रीपासून तीन नियम पाळतो. अन्न रात्रीच द्यायचे, रोज एकाच जागी द्यायचे आणि त्या वेळी फिल्टरचा प्रवाह बंद ठेवायचा, म्हणजे वास टाकीभर पसरून मासा गोंधळत नाही. महिनाभरात अकरा मिनिटांची दोन झाली. मासा तल्लख झाला की जागा त्याच्या सवयीची झाली, हे मी सांगू शकत नाही. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

सप्टेंबरमधला एक मूर्खपणा लपवण्यात अर्थ नाही. एवढ्या मंद माशाजवळ गप्पी निर्धास्त राहतील असे समजून मी टाकीत सहा गप्पी सोडले. पाच रात्रींत पाच गेले. गप्पी रात्री पानांजवळ, तळालगत निपचित असतात आणि त्याच वेळी हा फिरतो. उरलेल्या एकाला बाहेर काढले. जिवंत मासे मुद्दाम खाऊ घालून त्याचे व्हिडिओ काढणाऱ्यांशी मात्र माझे कधीच पटले नाही. दुकानातले खाद्य-मासे रोग घेऊन येतात, आणि गोल्डफिशमध्ये थायमिनेज हे बी-१ नष्ट करणारे विकर असल्यामुळे ते नेहमी दिल्यास शिकाऱ्याला बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते.

ब्लडवर्मवर किती दिवस काढणार, म्हणून ऑक्टोबरपासून ओला जवळा सुरू केला. बाजारात मावशींकडे अर्धा वाटा मागितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अर्ध्या वाट्यात काय मांजर जेवणार आहे का, दादा?” मासा जेवणार आहे असे सांगितल्यावर त्यांनी पूर्ण वाटा दिला आणि पैसे अर्ध्याचेच घेतले. जवळा दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन, पातळ थर करून गोठवायचा आणि लागेल तसा तोडायचा. कोलंबीवर्गातही थायमिनेज असतेच, त्यामुळे आठवड्यातून दोनदाच देतो. गांडुळांचा अनुभव संमिश्र आहे. गांडूळखताच्या ढिगातली लाल, पट्टेदार गांडुळे पिल्लाने तोंडात घेऊन तीन वेळा थुंकली. त्यांना डिवचले की अंगातून कडवट द्रव सुटतो. बागेतली साधी गांडुळे एक रात्र ओल्या शेवाळात ठेवून, चिरून दिली, तर ती मात्र एका दमात जातात. कीटकनाशक मारलेल्या बागेतली घेऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

१४ डिसेंबरची नोंद सर्वांत लांब आहे. पहाटे साडेपाचला पाणी प्यायला उठलो आणि सवयीने टाकीकडे पाहिले, तर मडक्याखाली मासा नाही. झाकणात हीटरची वायर जाण्यासाठी एक फट ठेवली होती, जेमतेम दोन बोटांची. चौदा सेंटीमीटरचा मासा तिथून जाईल असे मनातही आले नव्हते. पण बिचिर साप सरकावा तसा सरकतो आणि काचेच्या कडेला पाठ टेकून वर चढतो. चपलांच्या कपाटामागे, टाकीपासून चार-साडेचार फुटांवर, तो सापडला. अंगाला धूळ आणि केस चिकटलेले होते, पाठ कोरडी पडू लागली होती, तरी तोंड मिटत-उघडत होते. ओल्या हातांनी उचलून टाकीच्या पाण्याच्या बादलीत ठेवला, अंगावरची धूळ पाण्यातच सुटू दिली आणि तासाभराने टाकीत सोडला. दोन दिवस त्याने अन्न घेतले नाही, तिसऱ्या दिवशी घेतले. फरशीवरचा ओलसर माग अर्धवट सुकलेला दिसत होता आणि तो सरळ रेषेत नव्हता. मासा नुसता तडफडत तिथवर गेला नव्हता, चालत गेला होता. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी याच जातीची पिल्ले सुमारे आठ महिने जवळजवळ जमिनीवर वाढवली होती आणि ती डोके अधिक उंच धरून, पर अंगाजवळ टेकवून चालू लागल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध केले होते. तो प्रयोग माझ्या वाचनात होता. त्याची प्रचिती चपलांच्या कपाटामागे घ्यावी लागेल असे वाटले नव्हते. त्या फटीत आता स्पंज कापून घट्ट बसवला आहे.

जानेवारीत १२० × ४५ × ४५ सेंटीमीटरची टाकी आली. बिचिरसाठी उंचीपेक्षा तळाचे क्षेत्र महत्त्वाचे, त्यामुळे उंच टाकीचा मोह टाळला. झाकण आणि पाणी यांच्यात हवेची मोकळी जागा ठेवतोच, कारण या माशाला फुप्फुसांची जोडी असते आणि तो अधूनमधून वर येऊन हवा घेतो. तळाशी पडून असलेला मासा एकदम उभा वर जातो, पृष्ठभाग फोडतो आणि क्षणात परततो. परतताना कल्ल्यांच्या झाकणाखालून चार-पाच बुडबुडे सुटतात. ही वाट झाकणाने किंवा तरंगत्या वनस्पतींच्या गालिच्याने बंद झाली, तर मासा पाण्यातच गुदमरू शकतो.

बुडणाऱ्या गोळ्या त्याने पाच महिने नाकारल्या. फेब्रुवारीत मी त्या जवळ्याच्या वितळलेल्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून नेहमीच्या जागी ठेवल्या आणि त्या पहिल्याच रात्री संपल्या. आता जवळ्याचे पाणी कमी कमी करत आणले आहे. आठवड्यातून चार वेळा अन्न देतो, त्यांपैकी दोनदा गोळ्या. मोजमापासाठी त्याला बाहेर काढत नाही. पुढच्या काचेच्या तळाशी सेंटीमीटरची पट्टी चिकटवली आहे, मासा तिच्यालगत पसरला की छायाचित्र घेतो. नर की मादी हे अजून ठरवता येत नाही. नराचा गुदपर रुंद व जाड होतो. याचा सध्या अरुंदच दिसतो, पण या वयात त्यावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात हीटर बंद असूनही पाणी २९ अंशांवर गेले. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून रात्री दहा ते अकरा या तासात मासा किती वेळा वर येतो ते मोजू लागलो आहे. जानेवारीत, पाणी २५ अंश असताना, हा आकडा तीन किंवा चार असे. काल तो सात होता. दहाच्या पुढे गेला की पाण्यावर टेबलफॅन लावायचा आणि उडालेले पाणी रोज भरायचे, असे ठरवले आहे.